सावलीची बाजू

१

देव नाहीसे झाले त्या दिवशी खरं तर आम्ही बेटावर असायला हवं होतं.

जहाजाच्या पोटातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत जयवंताबाई आवारी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. नुकती आंघोळ झालेली, केस ओले, अंगावर धुतलेलं लुगडं. पूजेच्या पिशवीतलं सगळं त्यांनी चादरीवर काढून मांडलं होतं. ताम्हन, गंधाची डबी, वाती, तांदळाची पुरचुंडी, एक नारळ. झाकणावर मोर रंगवलेला निर्मलचा लाकडी डबा तेवढा नव्हता.

"राही, माह्ये देव नाई वं," त्या मला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

त्या डब्यात आवारी घराण्याचे टाक होते. चांदीच्या छोट्या पत्र्यांवर उठवलेले कुळाचे देव. देवांना एक दिवसही पाण्या-फुलावाचून ठेवायचं नाही हा त्यांच्या घरचा रिवाज, म्हणून जयवंताबाई जिथे जातील तिथे डबा बरोबर जायचा. बाजारहत्नूरच्या लग्नाला गेला होता, नांदेडच्या दवाखान्यात गेला होता, आणि आता समुद्रावर आला होता.

दाराशी त्यांची थोरली सून रेणुका उभी होती. तिचा नवरा उद्धवराव जाऊन काही वर्षं झालेली. एक मुलगी, ती यवतमाळला दिलेली. आदिलाबादच्या घरात आता सासू, ही सून आणि देव एवढेच. देवांची रोजची तयारी तिच्याकडे.

"तुले म्हनलं होतं पाणी भरून ठेव, देवापाशी बस," जयवंताबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तू कुठं गेल्ती?"

रेणुकाचा हात कमरेला बांधलेल्या घराच्या किल्लीकडे गेला.

मी आदिलाबादला यांच्या शेजारी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. "राही आली तरच मी त्या बोटीत पाय ठेवीन," असं जयवंताबाईंनी धाकट्या मुलाला बजावलं, म्हणून माझंही तिकीट निघालं. सहल त्या धाकट्याचीच, हैद्राबादच्या सुधाकररावांची. त्याआधीच्या दसऱ्याला सरकारने आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले आणि त्याच दसऱ्याला आवाऱ्यांच्या घरातही वाटणी झाली. वाटणीनंतर भाऊ भावाशी बोलेनासे झाले. चार दिवस एका जहाजावर कोंडले म्हणजे बोलतील, असा सुधाकररावांचा हिशोब होता.

वाटणीत शेत वाटलं, निर्मलचं बी-बियाण्याचं दुकान मधल्या माणिकरावांना गेलं. आदिलाबादचं घर राहिलं. त्यावर जयवंताबाईंनी सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं होतं, "जिथं देव तिथं घर. रेणुका देव सांभाळते तवर घर तिचं. तिच्या हातून देवाची हेळसांड झाली, त मंग घर बी नाई, देव बी नाई."

म्हणून ती दाराशी अशी उभी होती.

जयवंताबाईंनी पिशवीची नाडी ओढली. "संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत देव भेटले नाई, त रेणुके, कमरेची चाबी माह्या हातात दे."

२

त्या सकाळचं आधी सांगायला हवं.

उजाडताना समोर बेट दिसत होतं, माडांची एक गडद रेघ. आभाळ स्वच्छ होतं. पण समुद्र लांबलांब उसासे टाकत होता. दूर दक्षिणेला कुठेतरी वादळ होऊन गेलं होतं आणि त्याच्या लाटा इथवर पोचत होत्या. बेटाला धक्का नाही. छोट्या होड्यांतून उतरायचं होतं. लाटांत होड्या सोडता येणार नाहीत, आजचा दिवस समुद्रातच काढायचा आहे, असं न्याहारीच्या वेळी भोंग्यावरून इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगितलं. त्यापुढे खेळांची आणि जेवणाची माहिती होती, ती कोणी ऐकली नाही.

"बेट रद्द?" सुधाकरराव उठले. "ऐसे कैसे रद्द? मी बोलतो यांच्याशी." आणि खाली स्वागतकक्षाकडे गेले.

मी चहा घेऊन उघड्या डेकवर गेले होते. जाताना उजव्या बाजूने गेले. तिथे कठड्याला लागून खुर्ची टाकून माणिकराव एकटेच बसले होते, कालचाच शर्ट, दाढी वाढलेली. "या मॅडम, इकडं सावली हाय," म्हणाले. मला गुडघ्यांना ऊन हवं होतं, म्हणून मी वळसा घालून डाव्या बाजूला गेले. तिथे कोवळं ऊन थेट अंगावर येत होतं. बरं वाटलं.

मध्येच एकदा माझ्या बशीतला चमचा आपोआप सरकून काठाला टेकला. त्यानंतर थोड्या वेळाने गुडघे गार पडले. मी वर बघितलं, ढग नव्हता. खाली पाण्यावर जहाजाची लांब सावली पडली होती. मी शाल घेतली आणि आत आले.

आतल्या मोठ्या काचेच्या दिवाणखान्यात आकड्यांचा खेळ चालू होता. तिथे जयवंताबाई आणि माणिकरावांची बायको बयनाबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. जयवंताबाईंना खेळ कळत नव्हता. आकडा पुकारला की त्या बयनाबाईंकडे बघत. रेणुकाला त्यांनी खाली खोलीत पाठवलं होतं, न्हाऊन पूजेची तयारी करायला. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, खाली गेल्या, आंघोळ केली, देवांसाठी पिशवीत हात घातला.

३

सुधाकररावांना चोर लगेच सापडला होता. खोल्या झाडणारा माणूस. श्रीकाकुळमकडचा, तेलुगू बोलणारा.

"त्याच्याकडे सगळ्या दारांचं कार्ड असतं," ते म्हणाले. "मी कंप्लेंट टाकतो. नोकरी जाईल त्याची."

"थांबा जरा," मी म्हटलं आणि त्या माणसाला बोलावलं.

तो घाबरला होता, पण जयवंताबाईंनी तेलुगूत "बस बाबा" म्हटल्यावर जरा सावरला. त्याचं म्हणणं साधं होतं. अम्मांच्या दारात नेहमी एक चप्पल अडकवलेली असते. दार पूर्ण लागत नाही. ते नियमात बसत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून बघितलं. चप्पल दिसली की आत माणूस आहे असं समजून तो पुढच्या खोलीत जातो. आजही तसाच गेला.

"चप्पल कोण लावतं?" मी विचारलं.

"मी लावते," जयवंताबाई म्हणाल्या. "पत्त्याच्या पानाएवढ्या कार्डानं दार उघडते म्हनतात. नाई उघडलं त? माह्या घराचं दार मी दिवसा कधी लावलं नाई."

म्हणजे दार कोणालाही उघडं होतं. पण अनोळखी चोर पिशवी उचलून नेतो. इथे पिशवी जागेवर, चांदीचं ताम्हन जागेवर, फक्त डबा गेला. ज्याने नेला त्याला डब्यात काय आहे ते माहीत होतं.

झाडणाऱ्या माणसाला मी जायला सांगितलं. सुधाकरराव माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, म्हणजे तुम्ही घरातल्याच कोणावर..."

"तुम्ही कुठे होतात?"

ते हसले, पण उत्तर दिलं. स्वागतकक्षावरच्या मुलीशी भांडत होते. तिने त्यांना दोनदा बसायला सांगितलं आणि एकदा सुपरवायझरला बोलावलं. मी जाऊन विचारलं. तिला ते चांगलेच लक्षात होते.

बयनाबाई दिवाणखान्यात होत्या, मीच बघितलं होतं. खेळात त्यांना बक्षीस मिळालं होतं, प्लास्टिकची बाटली. ती हातात घेऊन त्या सांगत होत्या.

"मी उठली नाई तिथून. एकदा फक्त चष्मा आणाले खोलीत गेली, ते बी पळत. अन् पाहते त काय, मोरीतलं पाणी उंबरा ओलांडून पलंगापर्यंत! माह्या चपला भिजल्या. ओला टावेल गादीवर. पुरुषांले काई समजत नाई मॅडम, हाटेलात असो नाईतर घरी."

"माणिकराव सकाळी लवकर उठून न्हाले असतील."

"कायचे लवकर! पारोसेच गेले वर चहाले. म्हनले, सुट्टी हाय, दुपारी न्हातो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, एक सांगू काय? मी सांगनार नव्हती. पन मी काचेतून पाह्यलं. रेणुकाबाई कठड्यापाशी उभ्या होत्या. लाल फडक्यात बांधलेलं काईतरी होतं हातात. इकडंतिकडं पाह्यलं अन् टाकलं समुद्रात."

"केवढं होतं?"

त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते निर्मलच्या डब्याएवढं होतं.

४

माणिकराव जेवणाच्या हॉलबाहेर भेटले. शर्ट बदललेला होता. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"इचारा. मलेबी इचारा. सगळ्यांले इचारून राह्यल्या म्हनते."

"तुम्ही सकाळपासून कुठे होतात?"

"तुमीच त पाह्यलं. डेकवर. चहापासून जे बसलो, ते सुधाकर बोलवाले येईपर्यंत. खाली गेलोच नाई."

"तिथेच? त्याच खुर्चीवर?"

"तिथंच. मस्त झोप लागली."

"ऊन नाही लागलं?"

"अजिबात नाई." ते हसले. "मी शेतकऱ्याचं पोरगं हाय मॅडम, सावली ओळखतो. मावळतीची बाजू धरून बसलो. आपल्या आदिलाबादच्या ओट्यावानी. त्या ओट्यावर दुपार झाल्याशिवाय ऊन येते काय? लहानपणी आमी भाऊ तिथंच गोट्या खेळत होतो. खुर्ची हलवाची गरजच पडली नाई."

मी मान हलवली. मग सहज म्हटलं, "देव सापडले नाहीत तर रेणुकाचं काय होईल?"

"ते आई ठरवीन." त्यांनी टेबलावरचं मीठ बोटाने सारखं केलं. "पन खरं सांगू? आता आदिलाबादात राह्यलंच काय? निर्मल वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर तिकडं, आफिसं तिकडं. उद्धवदादा गेला, आता घरातला मोठा मी. नवरात्रात मी माह्याच देवाच्या पाया पडाले वहिनीच्या दारात जातो, चाळीस घरची लोकं पाह्यतात. देव मोठ्या घरी असतात मॅडम. विधवेच्या घरी नाई."

सुधाकररावांना मी विचारलं, माणिकरावांना बोलवायला तुम्ही डेकवर गेला होतात का.

"जायची गरजच पडली नाही. जिन्यातच भेटला. म्हणाला, वरूनच येतोय."

रेणुकाला शोधायला मला वेळ लागला. ती खोलीत नव्हती, जेवायला आली नव्हती. मागच्या डेकवर, जिथे दोर गुंडाळून ठेवतात, तिथे एका लोखंडी पेटीवर बसली होती.

"लाल फडक्यात काय होतं, रेणुका?"

तिने चमकून बघितलं. मग पदर सारखा केला.

"बयनानं पाह्यलं काय?"

"हो."

"मंग सांगून टाकीन ते सगळ्यांले." तिने पाण्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी कोनाले सांगत नाई, म्हनून सांगते. मी वटी टाकली."

"ओटी?" मी विचारलं.

"समुद्राची वटी. नारळ, तांदूळ अन् खण. आपली पैनगंगा वलांडतानी मोटारीतल्या सगळ्या बाया खिडकीतून वटी सोडतात. मी खाली मुंडी घालून बसते. हे गेल्यापासून कोनी माह्या हातानं काई घेत नाई, माह्या वटीत काई घालत नाई. तो खण हे गेले त्याच्या आदल्या चैत्रात माह्या वटीत पडला होता. शिवलाच नाई. बॅगेत घालून आणला. म्हनलं, समुद्राले काय माहीत कोन विधवा अन् कोन सवाशीण."

"आणि नारळ?"

"सासूबाईंच्या पिशवीतला. त्यायनं मुंबईत बोटीत चढाच्या आदी दोन घेतले होते. एक उचलला. तवा डबा होता तिथं, देवाची शप्पथ. मी दाराले चप्पल लावून वर आली. उशीर लागला. मले तिथून हलावंसंच वाटत नव्हतं."

चादरीवर मांडलेलं सामान मला आठवलं. एक नारळ. तिचं म्हणणं खरं होतं.

"हे सासूबाईंना का सांगत नाहीस?"

"चोरी केली म्हनतीन तर एक वेळ चालीन," रेणुका म्हणाली. "हे नाई सांगू शकत."

तिने कमरेची किल्ली मुठीत धरली होती. पितळी, जुन्या बनावटीची, वापरून गुळगुळीत झालेली.

"मॅडम, त्या घराशिवाय मले कुठं जागा नाई. पोरीच्या सासरी चार दिवस बरी दिसते मी. तुमी शोधाल काय?"

मी कठड्यापाशी गेले. दुपार कलत होती. पाण्यावर जहाजाची सावली होती, पण ती आता कोणत्या बाजूला होती ते मी नीट बघून घेतलं. मग एका खलाशाला एकच प्रश्न विचारला. त्याने हसून उत्तर दिलं.

मग मी खाली गेले आणि जयवंताबाईंना म्हटलं, सगळ्यांना बोलवा.

५

त्या बिनखिडकीच्या खोलीत सगळे मावणं कठीण होतं. जयवंताबाई पलंगावर, बयनाबाई त्यांच्या पायाशी, सुधाकरराव दाराला टेकून, माणिकराव आरशाखालच्या स्टुलावर. रेणुका बाथरूमच्या दाराशी उभी होती. बसायला तिला कोणी सांगितलं नाही.

"डबा समुद्रात गेलेला नाही," मी म्हटलं. "तो जहाजावर आहे. या घरातलं कोणीही, कितीही राग असला तरी, टाक पाण्यात टाकणार नाही. बरोबर?"

जयवंताबाईंनी मान हलवली.

"आणि पारोसं असताना टाकाला हातही लावणार नाही."

"निर्वंश होईल," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ज्याने डबा उचलला त्याने आधी आंघोळ केली. सकाळी, तुम्ही खेळ बघत होतात तेव्हा. बयनाबाई, चष्मा आणायला गेलात तेव्हा तुमच्या खोलीत नुकतंच कोण न्हालं होतं?"

हातातली बक्षिसाची बाटली बयनाबाईंनी मांडीवर ठेवली.

"मी सकाळीच न्हालो असन," माणिकराव म्हणाले. "इसरली असन ही."

"सकाळी तुम्ही कालच्या शर्टात होतात. आणि तुम्हीच म्हणालात, चहापासून खाली गेलोच नाही."

"नाईच गेलो. उजव्या बाजूले बसलो होतो. तुमीच पाह्यलं!"

"चहाच्या वेळी पाहिलं. तेव्हा जहाज दक्षिणेला चाललं होतं, उजवी बाजू पश्चिमेला होती आणि तिथे सावली होती. पण बेट रद्द झालं, माणिकराव. मग जहाज तिथे थांबून काय करणार? ते परत फिरलं. न्याहारीनंतर लगेच. इतकं सावकाश, की माझ्या बशीतला चमचा सरकला तेवढाच. मी डाव्या बाजूला उन्हात बसले होते, ते ऊन माझ्यावरून निघून गेलं. उजवी बाजू पूर्वेला आली. तेव्हापासून दुपारपर्यंत तुमच्या खुर्चीवर सरळ ऊन होतं. खलाशाला विचारा. तिथल्या खुर्च्या तापल्या म्हणून लोक उठून डाव्या बाजूला गेले, असं तो म्हणाला."

जहाजाच्या यंत्राची घरघर पायांखाली ऐकू येत होती.

"ओटा वळत नाही. जहाज वळतं. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला समजलं असतं. तुम्ही तेव्हा खाली बिनखिडकीच्या मोरीत न्हात होतात. जहाज वळताना कलतं, म्हणूनच पाणी उंबरा ओलांडून पलंगापर्यंत गेलं."

"मॅडम," माणिकराव उठून उभे राहिले, "तुमी शेजारच्या. आमच्या घरात..."

"बयनाबाई," मी म्हटलं, "न्हाऊन देव घेणारा माणूस त्यांना चपलांजवळ ठेवणार नाही. कपड्यांत कोंबणार नाही. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच जागी ठेवील. तुमच्या कपाटात सगळ्यात वर लाइफ जॅकेटं आहेत. त्यांच्या मागे बघा."

बयनाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्या उठल्या. त्यांच्यामागे मीही गेले, कारण कोणीतरी दुसऱ्याने बघायला हवं होतं.

डबा तिथे होता. फळीवर कोरा टॉवेल अंथरलेला, त्यावर डबा उघडा, त्यात टाक ओळीने उभे, पुढे एक सुपारी आणि न्याहारीतला साखरेचा खडा. माणिकरावांनी देवांची नीट मांडणी केली होती. सकाळच्या हिशोबाने त्यांची तोंडं पूर्वेला होती. प्रत्यक्षात ते सगळे पश्चिमेला बघत होते.

६

बयनाबाईंनी डबा आणून सासूच्या मांडीवर ठेवला, तेव्हा जयवंताबाईंनी एकेक टाक काढला, पदराने पुसला, कपाळाला लावला. माणिकराव त्यांच्या पायांवर पडले आणि रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी रेणुकाकडे बघितलं. तिची किल्लीवरची मूठ सैल झाली होती.

"काऊन केलं रे?" जयवंताबाई म्हणाल्या.

"तू मले कधी मोठा मानलंच नाई, आई. उद्धवदादा गेला तरी तोच मोठा. मी निर्मलले नेणार होतो. रोज पूजा करणार होतो."

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग वर बघितलं, माझ्याकडे.

"राही, रेणुकानं समुद्रात टाकलं ते काय होतं? बयना सांगून राह्यली होती."

तो प्रश्न विचारला जाईल असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. डबा सापडला की उत्तर पूर्ण झालं, असं मी धरलं होतं.

"वटी टाकली, सासूबाई," रेणुका स्वतःच म्हणाली. "समुद्राची."

"नारळ कोनता?"

"पिशवीतला."

जयवंताबाईंनी चादरीवरच्या एकट्या नारळाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी अडलेली गाठ सुटावी तसा तो चेहरा झाला.

"देवाच्या पिशवीतला नारळ. न इचारता. पांढऱ्या कपाळानं वटी भरली, अन् देवाले उघड्या दारात सोडून गेली."

"चप्पल तुम्हीच लावायला सांगता," मी म्हटलं. "चोरी माणिकरावांनी केली. रेणुकाने काही चोरलेलं नाही."

"मी कुठं म्हनली तिनं चोरलं?" त्या म्हणाल्या. "चोरले यानंच. पन न्हाऊन चोरले. टावेल टाकला, सुपारी ठेवली, साखर दाखवली. मी न्हाले गेली तवा मोरी कोरडी होती. तिनं बिगर-न्हाता पिशवीत हात घातला. तूच सांग राही, तू शिकलेली हायेस. हेळसांड कोनाची?"

मी सुधाकररावांकडे बघितलं. सगळ्यांना एकत्र आणायला त्यांनीच ही सहल काढली होती.

"आई म्हणेल तसं," ते म्हणाले, आणि खिशातला फोन काढून बघायला लागले. समुद्रात त्याला रेंज नव्हती.

"माह्या हयातीत निजाम गेला, आंध्र आलं, तेलंगणा आलं, आता जिल्हा फुटला," जयवंताबाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "मी चूल हलवली नाई. आता हलवते. देव निर्मलले जातील."

रेणुकाने किल्ली काढली. नाडीची गाठ सुटेना, तेव्हा बयनाबाई मदतीला पुढे झाल्या; रेणुकाने त्यांचा हात बाजूला केला आणि दातांनी गाठ सोडवली. जयवंताबाईंचा तळहात आधीच पुढे आलेला होता.

संध्याकाळी रेणुका आणि मी डाव्या बाजूच्या कठड्यापाशी उभ्या होतो. सूर्य थेट समोर बुडत होता. मी तिला म्हटलं, मी विचारायलाच नको होतं.

"नाई मॅडम. तुमी नसतं इचारलं, तरी चाबी जाणारच होती." तिने डोळ्यांवर हात धरला. "मी वटी टाकली ती बाजू आता हीच काय?"

"हीच."

"त्यानं घेतली मॅडम. नारळ परत फेकला नाई." मग म्हणाली, "उभं राह्याले जागा बी दिली थोडा वेळ."

रेणुका आता यवतमाळला मुलीकडे असते. उन्हाळ्यात एकदा आली होती, माझ्याकडेच उतरली. देव निर्मलला आहेत, नवरात्रात तिथे मोठी पंगत बसते म्हणतात. जयवंताबाईंची तिथली खोली आतल्या बाजूला आहे आणि तिला खिडकी नाही. आदिलाबादचं घर विकायला काढलं आहे. दाराला कुलूप आहे.

त्या घराच्या मावळतीकडच्या ओट्यावर माझ्या स्वयंपाकघरातून नजर जाते. माणिकराव म्हणाले होते ते बरोबर आहे. दुपार झाल्याशिवाय तिथे ऊन येत नाही. सकाळभर सावली असते, आणि त्या सावलीत कोणी बसत नाही.